तेलाचं बोट

गोंदियाजवळच्या कुडव्यात छोटेलाल मिस्त्रीचं घर विचारलं, तर लोक आधी हसत आणि मग रस्ता सांगत. हसण्याचं कारण त्याच्या न्हाणीत खिळ्याला टांगलेलं होतं. पांढरा तामचिनीचा डबा, त्याच्या बुडाला लाल रबरी नळी आणि नळीच्या टोकाला काळी तोटी. एनिमाचा डबा. दुसरे लोक पाहुण्यांना नवीन फ्रीज दाखवतात, छोटेलाल हा डबा दाखवायचा. पाहुणा चहा पीत असला तरी त्याला त्याचं काही वाटायचं नाही.

उमेदीची सगळी वर्षं तो गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये मिस्त्री होता. धान वर नेणारं एलिव्हेटर चोक झालं की शेठ आधी छोटेलालला हाक मारायचा आणि मग देवाला. कुठे अडलंय ते छोटेलाल पत्र्याला कान लावून सांगायचा. अडलेलं मोकळं करायचं, घासतंय तिथे तेल द्यायचं आणि मशीन चालू करायची. एवढ्यावर त्याने संसार केला, हेमेंद्रला शिकवून नागपूरच्या कंपनीत लावलं, कुडव्यात दोन खोल्या बांधल्या. मग या गोष्टींवर त्याचा जरा जास्तच विश्वास बसला, तर त्यात नवल ते काय.

मिल सुटली आणि घरी बसून बसून त्याचं पोट बिघडलं. कोणीतरी त्याला निसर्गोपचाराच्या शिबिरात नेलं. तिथे त्याने पहिल्यांदा एनिमा घेतला आणि बाहेर आला तो दुसराच माणूस होऊन. आयुष्यभर पोटात साठलेला कोंडा आज निघाला, असं तो सांगत सुटला. शिबिरवाल्यांनी कधीमधी, गरज पडली तर घ्या म्हटलं होतं. छोटेलालच्या कानांनी त्यातलं घ्या एवढंच ऐकलं. बाजारातून डबा आणला, त्याची पाणी सोडायची प्लास्टिकची कळ काढून टाकली आणि मिलमधली पितळेची बसवली. कोमट पाणी, चिमूटभर मीठ, कधी साबणाचा फेस, कधी लिंबू. तोटीला खोबरेल तेल. रोज सकाळी.

वर्षभरात त्याचं पोट डब्याशिवाय हलेनासं झालं. लग्नाला जायचं तर कपड्यांच्या पिशवीआधी डब्याची पिशवी भरायची, आणि डबा विसरला तर वरातीत माणूस पोट धरून बसायचा. याला तो नियम म्हणायचा. शामकला, त्याची बायको, याला खोड म्हणायची, पण हळूच, कारण छोटेलालसमोर डब्याला नाव ठेवणं म्हणजे शेठच्या मुलाला काळा म्हणण्यासारखं होतं. आळीतले दोन-चार म्हातारे गुपचूप डबा मागून न्यायचे, बरं वाटलं म्हणून आशीर्वाद द्यायचे आणि मिस्त्रीची छाती फुगायची.

मग शामकलाचंही पोट साफ होईना.

ती आधी काही बोललीच नाही. बाईमाणूस असल्या गोष्टी बोलत नाही, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं. पण न्हाणीत तिला वेळ लागायला लागला, जेवण कमी झालं, आणि छोटेलालच्या ते ध्यानात आलं. खरं सांगायचं तर त्याला वाईट वाटण्याआधी आनंदच झाला. इतक्या वर्षांत त्याच्या हातात बायकोला देण्यासारखं काहीतरी पहिल्यांदा होतं. डॉक्टरकडे जाऊ का, असं तिने एकदा विचारलं. घरी दवाखाना असताना बाहेर कायले, असं म्हणून तो हसला.

लग्नाला चाळीसेक वर्षं झाली, पण या दोघांत सकाळच्या त्या अर्ध्या तासाइतकी जवळीक कधी नव्हती. ती डाव्या कुशीवर निजायची, पदर तोंडावर घ्यायची. तो पाणी मनगटावर टाकून पाहायचा, तोटीला तेल लावायचा, डबा खिळ्याला अडकवायचा आणि कळ हळूच उघडायचा. दुखून राहिलं का, असं विचारायचा. मग ती न्हाणीतून बाहेर आली की दारातच विचारायचा, बरं वाटून राहिलं का. मिलच्या दिवसांत या माणसाने कधी तिला भाजी कशी झाली हेही सांगितलं नव्हतं. शामकला हो म्हणायची. बरं वाटलं नाही त्या दिवशीही हो म्हणायची, कारण हो म्हटलं की त्याचा चेहरा उजळायचा आणि तो स्वतः चहा ठेवायचा.

दिवाळीनंतर जवळच्या गोरेगावला मंडई, म्हणजे तिकडची जत्रा, भरली. शामकलाचं माहेर तिकडचंच, म्हणून दोघं मोटरसायकलवर गेले. पाळणे, जिलेबी, भाच्यांची गर्दी, सगळं झालं. परत येताना दोन्हीकडे धान कापून पडलेलं होतं आणि मळणीचा भुसा हवेत उडत होता. तिने एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला होता. घरात, त्याच्या तोंडाकडे पाहून जे तिला कधी सांगता आलं नसतं, ते तिने तिथे त्याच्या पाठीला सांगितलं.

"आयका ना. मले रक्त पडून राहिलं."

त्याने गाडीचा वेग जरा कमी केला. कुठून, असं विचारलं, आणि तिने सांगितलं. छोटेलालने क्षणभरच विचार केला. कडक टोक मांसाला लागलं की रक्त येणारच, यात कोडं कसलं.

"तोटीचं टोक लागलं असन," तो म्हणाला. "तेल कमी पडलं. उद्यापासून जास्त लावतो."

मग आणखी एक वाक्य बोलली.

"डबा नाई लावला त्या दिवशीबी पडलं होतं."

छोटेलालने गाडीचा वेग वाढवला. पुढे कितीतरी वेळा त्याने स्वतःला बजावलं, की वाऱ्यात ते वाक्य ऐकू आलं नाही. पण ते खोटं होतं आणि खोटं आहे हे त्याला ठाऊक होतं. वाक्य नीट ऐकू आलं होतं. फक्त ते वाक्य खरं धरलं असतं, तर रक्ताचा आणि तोटीचा संबंध तुटला असता, आणि तोटीचा संबंध तुटला की ते रक्त छोटेलालच्या हातातलं काम राहिलं नसतं. म्हणून त्याने ते वाक्य रस्त्यावर पडू दिलं.

दुसऱ्या दिवसापासून त्याने खरोखर जीव ओतला. खोबरेल तेल सोडून जवसाचं आणलं, ते जास्त ओशट म्हणून. मग मेडिकलमधून जेलीची ट्यूब आणली. तोटीची कड बारीक पॉलिश पेपरने घासून काचेसारखी गुळगुळीत केली. तेही पटेना म्हणून मऊ रबराची बारीक नळी जोडली. साबण बंद केला, नुसतं मिठाचं पाणी ठेवलं. रक्त कधी दिसायचं, कधी नाही. दिसलं नाही त्या दिवशी तो जिंकल्यासारखा चहा ठेवायचा.

थंडी सरता सरता नळी आत अडायला लागली. थोडी आत गेली की काहीतरी लागायचं, आणि सोडलेलं पाणी लगेच बाहेर यायचं. ज्या बोटांनी आयुष्यभर पत्र्याआडचा अडथळा ओळखला, त्या बोटांना हा अडथळा स्पष्ट कळला होता. छोटेलालने अजून जेली लावली, नळीचा कोन बदलला आणि ती त्या अडथळ्याच्या बाजूने सरकवली. नळी सुळकन गेली. त्याला स्वतःच्या हाताचं कौतुक वाटलं.

एवढी माया त्याने बायकोवर जन्मात कधी केली नव्हती, आणि तीच तिच्या मुळावर येत होती.

उन्हाळ्यात हेमेंद्र नागपूरहून आला. आईने पाण्याचा गिलास पुढे केला तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्या घसरून कोपरापर्यंत गेल्या. हेमेंद्रने गिलास घेतला नाही, हात धरला. ही इतकी कशी सुकली, असं त्याने बापाला विचारलं. छोटेलालने पोटाची तक्रार होती, आता साफ होऊन राहिलं, असं सांगितलं. हेमेंद्रने पुढचं काही ऐकून घेतलं नाही. त्याच दिवशी त्याने आईला गाडीत बसवलं, आणि बोलावलं नव्हतं तरी छोटेलालही मागे बसला.

गोंदियातली डॉक्टर दामिनी वयाने हेमेंद्रपेक्षाही लहान होती. तिने शामकलाला आत नेलं आणि नवऱ्याला पडद्याजवळ उभं राहू दिलं, कारण शामकलाने त्याच्याकडे पाहिलं होतं. रक्त पडतं का, कधीपासून पडतं, असं डॉक्टरने विचारलं. उत्तर छोटेलालनेच दिलं. पंधरा-वीस दिवस झाले असतील, तोटीमुळे, आता कमी आहे.

शामकला छताकडे पाहत होती.

"मंडईपासून," ती म्हणाली.

डॉक्टरने छोटेलालकडे पाहिलं नाही, आणि त्याने तिचे उपकार मानले. तिने हातमोजा चढवला. ट्रेमधून एक ट्यूब उचलली आणि बोटावर जेली घेतली. छोटेलालने ट्यूब ओळखली. त्याच्या न्हाणीत होती तीच, तेच निळं टोपण, तेच दाबून चपटं केलेलं बूड. डॉक्टरने शामकलाला डाव्या कुशीवर वळायला सांगितलं. शामकला सांगण्याआधीच वळली होती, सवयीने, आणि पदर तोंडावर घेतला होता.

बोट आत गेलं आणि डॉक्टरचा चेहरा बदलला. घोटभर पाणी प्यायलाही याहून जास्त वेळ लागतो.

हातमोजा काढून तिने हात धुतले आणि दोघा बापलेकांना बाहेरच्या खोलीत बसवलं. गाठ आहे, ती म्हणाली. बोटाला लागते इतक्या खाली आहे. तुकडा काढून तपासावा लागेल, पण नागपूरला जायची तयारी करा. हेमेंद्रने तोंडावर हात घेतला. छोटेलालने विचारलं, की मग रोज पोट साफ कसं होत होतं.

तिने ओरडून सांगितलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. ती समजावून सांगत गेली. पाणी आत गेलं की आतड्याची भिंत ताणते आणि ताणलेली भिंत ढकलते, म्हणून पोट रिकामं होतं. गरजेला एखाद्या वेळी ठीक. रोज केलं तर भिंत आपणहून ढकलणं विसरते, मग माणसाला डब्याशिवाय जमत नाही. छोटेलालने मान खाली घातली, कारण हे त्याच्याबद्दल होतं. साबणाने आतलं अस्तर जळजळतं, आव पडते. तेलाने आणि जेलीने नुसतं सरकायला सोपं जातं, आतल्या जखमेला त्याचा काही उपयोग नाही. तुमच्या एनिमाने गाठ झाली असं मी म्हणत नाही, ती म्हणाली. पण रोज पाण्याने मळ उतरत गेला, म्हणून तो आपला आपण का उतरत नाही, हे कोणी विचारलं नाही.

"पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हा आणलं असतं, तर काम बहुतेक छोटं झालं असतं," ती म्हणाली. मग तिला त्याची दया आली असावी. लोक मूळव्याध समजून वर्षवर्ष काढतात, तुम्ही एकटे नाही, असंही ती म्हणाली. ते वाक्य छोटेलालला लागू पडलं नाही. त्याने ते दिवस मूळव्याध समजून काढलेच नव्हते. त्याच्या नळीला ती गाठ रोज लागत होती आणि तो तेल लावून तिच्या बाजूने जात होता.

मिलमध्ये बेअरिंगखाली चिमूटभर लोखंडाचा चुरा दिसला, तरी तो पट्टा थांबवायचा. शेठ कितीही ओरडो, ट्रक दारात उभे राहोत, मशीन उघडून पाहिल्याशिवाय छोटेलाल ती चालू करू द्यायचा नाही. तेल देऊन चालवत राहणारा मिस्त्री त्याच्या लेखी मिस्त्रीच नव्हता. नागपूरच्या दवाखान्याच्या आवारात, ऑपरेशन चालू असताना, त्याला हे आठवलं आणि तो उठून नळाखाली तोंड धूत राहिला.

गाठ निघाली. खालचा रस्ता मात्र कायमचा बंद करावा लागला. पोटाच्या डाव्या बाजूला डॉक्टरांनी नवीन तोंड काढलं आणि त्यावर पिशवी चिकटवली. मळ आता तिथे येणार, आपल्या वेळेला, कोणाला न विचारता. आणखी औषधं, आणखी खेपा होत्या. बरं होईल का, याचं उत्तर तिथले डॉक्टर पाहू या असं द्यायचे.

पिशवी कशी बदलायची हे नर्सने शिकवलं तेव्हा छोटेलाल सगळ्यांत पुढे उभा होता. भोकाचं माप कसं घ्यायचं, कड कशी कापायची, कातडी कोरडी कशी करायची, सगळं त्याने एका पाहण्यात उचललं. हे काम त्याच्या हाताचं होतं. घरी आल्यावर पहिल्या सकाळी त्याने पाणी कोमट केलं, मनगटावर टाकून पाहिलं, मऊ कापड घेतलं आणि तिच्या खाटेपाशी गेला.

शामकलाने हात पोटावर ठेवला.

"मंजूले बलवा," ती म्हणाली. मंजू म्हणजे सून. महिनाभराची रजा काढून ती सासूसाठी आली होती.

"मले येते ना," छोटेलाल म्हणाला.

"माईत आये. मंजूले बलवा, अना दार लोटा."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर त्याने हातापाया पडून काही केलं असतं. ती दिवसभर त्याच्याशी नीट बोलायची, भाजीत काय घालायचं ते सांगायची, औषध त्याच्याच हातून घ्यायची. फक्त सकाळी दार बंद व्हायचं. मंजू आत असायची आणि तो कोमट पाण्याचं भांडं घेऊन बाहेर उभा असायचा. मंजू दाराच्या फटीतून हात काढून भांडं आत घ्यायची. त्याच्या हातात एवढंच काम उरलं होतं आणि तो ते कधी चुकवत नसे.

डबा त्याने खिळ्यावरून काढला होता. स्वतःचं पोटही आता डॉक्टर दामिनीने सांगितल्याप्रमाणे तो हळूहळू शिकवत होता. जास्त पाणी, पालेभाजी, सकाळी चालणं, आणि ठरल्या वेळेला जाऊन बसणं. पोट ऐकत नव्हतं. बसून बसून पाय बधिर व्हायचे आणि हे आपल्याला बरोबर झालं, असं त्याला वाटायचं. डबा फेकायला मात्र त्याचा हात धजला नाही. तो माळ्यावर पोत्याखाली पडून होता.

एका दुपारी बकाराम आला. बकाराम मिलमधला जुना हमाल, पोती वाहून खांदा एका बाजूला झुकलेला, दोन घरं सोडून राहणारा. तो ओसरीत बसला, शामकलाची विचारपूस केली, पाणी प्यायला आणि मग आवाज उतरवून डबा मागितला. पोट साफ होत नाही म्हणाला. दोनदा-तीनदा जावं लागतं आणि तरी राहिल्यासारखं वाटतं.

छोटेलाल सवयीने उठला. माळ्याच्या शिडीला हातही लावला. मग तो तिथेच थांबला. शिडीवरचा हात त्याने काढला नाही, पण वळून बकारामकडे पाहिलं.

"रक्त पडते का?"

बकाराम ओशाळला. इकडे तिकडे पाहिलं. पडते थोडंसं, म्हणाला. मूळव्याध असन.

"कधीपासून?"

"ध्यानात नाई. होलीच्या आंधीपासून असन."

"डबा नाई लावत त्या दिवशीबी पडते?"

"डबा कुठी लावला मी औंदा. तसाच पडते."

छोटेलाल शिडी सोडून खाली बसला, बकारामच्या अगदी समोर. डबा मिळणार नाही, उद्या सकाळी माझ्यासोबत गोंदियाला चल, डॉक्टरीणबाईला दाखवू, असं त्याने सांगितलं. बकाराम हसण्यावारी न्यायला लागला. त्याला उन्हाळी धान झोडायचं होतं, बाईपुढे कपडे काढायची लाज होती, आणि एवढ्याशा रक्ताने काय होते. छोटेलालने त्याचा हात धरला आणि सोडेना. उद्या आला नाही तर घरून उचलून नेईन, असं म्हणताना त्याचा आवाज फाटला. बकाराम घाबरून हो म्हणाला आणि डब्याविना निघून गेला.

ओसरी रिकामी झाली. आत खाट करकरली. मधलं दार उघडंच होतं, शामकलाने सगळं ऐकलं होतं. छोटेलाल उठून चौकटीपाशी गेला. आज तरी काहीतरी बरं केलं असं ती म्हणेल, अशी त्याला आशा होती, आणि त्या आशेची त्याला त्याच क्षणी लाज वाटली.

ती उशीला टेकून बसली होती. त्याच्याकडे तिने बराच वेळ पाहिलं, नव्या माणसाकडे पाहावं तसं.

"बराबर इचारले तुमी बकारामभाऊले," ती म्हणाली. "मी तं न इचारता सांगतली होती."

छोटेलालचे डोळे भरून आले. आयकलो होतो, असं तो म्हणाला. इतक्या महिन्यांत हे तो कोणालाच बोलला नव्हता. वाऱ्याचं त्याने नाव काढलं नाही.

"माईत आये," शामकला म्हणाली. "गाडी जोरानं गेली ना तवा."

मग तिचा हात पोटाकडे गेला. पिशवी भरली होती. मंजू कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात होती. छोटेलालने नकळत एक पाऊल आत टाकलं.

"मंजूले हाक मारा," ती म्हणाली.

त्याने मंजूला हाक मारली. ती हात पुसत आत गेली. मग त्याने बाहेरून दार लोटलं आणि पाणी कोमट करायला चुलीकडे गेला.